न जुळणारी तेरीज आणि मध्येच थांबणारी गाडी

वर्षअखेरीस पेढीवर तेरीज जुळवायला बसलेल्या मुनिमाला दोन्ही बाजूंत २७ रुपयांचा फरक दिसला, तर तो खतावणी बाजूला सारून नवी लिहायला घेत नाही. आधी तो फरकाचे स्वरूप पाहतो. त्या रकमेला नऊने निःशेष भाग जात असेल, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, ५८ चे ८५ झाले असावेत, असे तो ताडतो आणि तशाच नोंदी प्रथम तपासतो. चूक कोठे आहे हे पुष्कळदा फरकच सांगतो. फक्त त्याला विचारण्याचा धीर हवा.

हाच धीर घरच्या जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र सुटतो. सकाळी पेढीवर निघण्याच्या वेळी गाडी दहादा किल्ली फिरवूनही सुरू होत नाही, किंवा सिग्नलपाशी, उड्डाणपुलाच्या चढावर अचानक बंद पडते. मग जो तो आपले मत देतो. कोणी बॅटरी बदलायला सांगतो, कोणी कॉइल, कोणी कार्बोरेटर. अनुमानाने एकेक भाग बदलला जातो, पैसे जातात, दोष तेथेच राहतो आणि अखेरीस ‘आता ही भंगारात काढा’ असा निर्णय होतो. कित्येक चांगल्या गाड्या अशा रीतीने एखाद्या क्षुल्लक दोषापायी घराबाहेर गेल्या आहेत.

ज्या गाडीवर ही विद्या शिकली गेली

महाराष्ट्रातील व्यापारी घरांत जुनी गाडी म्हटले की प्रीमियर पद्मिनीचे नाव हमखास निघते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. त्याच कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि तीच पुढे पद्मिनी म्हणून घरोघर पोहोचली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पेट्रोल ओढणारा साधा यांत्रिक पंप आणि ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, एवढाच तिचा संसार. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी आजही आहेत, आणि कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या मारुती ८०० सुद्धा.

या गाड्यांचा एक मोठा गुण असा, की त्यांचे काही लपलेले नसते. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांसमोर असतो, साध्या हत्यारांनी तपासता येतो आणि योग्य प्रश्न विचारला तर उत्तर देतो. पेट्रोलचे इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल आणि हवा, जोमदार ठिणगी, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, आणि या सर्वांची अचूक वेळ. इंजिन सुरू होत नसेल किंवा बंद पडत असेल, तर यांपैकी काहीतरी उणे आहे. काय उणे आहे, हे शोधण्याआधी ते केव्हा उणे पडते हे पाहावे. सगळ्या निदानाचा गाभा एवढाच आहे.

किल्ली फिरवताच येणारा आवाज

पहिली साक्ष कानांनी घ्यावी. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, नुसती टकटक झाली, किंवा सेल्फ रडतखडत फिरला, तर पेट्रोल आणि ठिणगीकडे वळण्याचे कारण नाही. दोष बॅटरी, तारा किंवा सेल्फमध्ये आहे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. सेल्फ फिरत असताना मीटर ९.५ च्या बरेच खाली घसरत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. ते दिसत नसतील तर चार्जिंग होत नाही, आणि नवी बॅटरी आणली तरी तीही काही दिवसांत बसेल.

तत्पूर्वी टर्मिनल पाहावेत. त्यांवर जमणारी पांढरी-हिरवी पूड करंटची वाट अडवते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, टर्मिनल घासून घट्ट करावेत. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली असली, तरी बॅटरी मेल्याचाच भास होतो.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरी निर्दोष ठरली. आता प्रश्न दोनच उरतात: करंट येतो का, आणि पेट्रोल येते का?

ठिणगी की पेट्रोल?

जुन्या पॉइंटच्या गाडीत करंटची परीक्षा सोपी आहे. एक प्लग काढून त्याच्या वायरला लावावा, रबरी मुठीच्या पकडीने त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून धरावा आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर करंट उत्तम. पिवळट, मरगळलेली पडली किंवा पडलीच नाही, तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि वायरी ओळीने पाहाव्यात. पॉइंटमधील फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. पॉइंटची टाच झिजली की ही फट कमी होते, वेळ मागे पडते आणि सकाळी गाडी कुरकुरते. पॉइंट पुनःपुन्हा जळत असतील तर त्यांना दोष देण्याआधी कंडेन्सर बदलून पाहावा. तो सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे.

काढलेला प्लगही बरेच सांगतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे मिश्रण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला म्हणजे ओव्हरफ्लो झाला आहे किंवा ठिणगीच पडलेली नाही. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे लक्ष द्यावे.

बंद पडण्याची रीतही बोलकी असते. दिव्याचे बटण बंद करावे तसे इंजिन एका क्षणात, पूर्वसूचना न देता थांबले, तर बहुधा करंटचा दोष असतो. गचके देत, दम लागल्यासारखे, हळूहळू विझले तर बहुधा पेट्रोलचा. हा नियम निरपवाद नाही. परंतु निम्मे क्षेत्र तो पहिल्याच पावलात वगळतो.

थंड इंजिनाचे दुखणे, तापलेल्या इंजिनाचे दुखणे

फक्त सकाळी त्रास होत असेल तर चोक पाहावा. थंड इंजिनाला अधिक पेट्रोल लागते, आणि चोकची झडप पूर्ण मिटल्याशिवाय ते मिळत नाही. केबल ताणलेली किंवा अडकलेली असल्यास डॅशबोर्डवरची मूठ पूर्ण ओढूनही झडप अर्धीच मिटते. एअर फिल्टरचे झाकण काढून हे डोळ्यांनी पाहता येते. पावसाळ्यात थंड गाडी सुरू होत नसेल तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि वायरींवर ओल धरली आहे का ते तपासावे. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला, तर फुटक्या वायरीतून निसटणारे करंटचे निळे तुरे स्पष्ट दिसतात. टोपी कोरड्या फडक्याने पुसावी, आत केसासारखी बारीक काळी रेघ असेल तर टोपी बदलावी.

इंजिन तापल्यावर सुरू होत नसेल तर तीन संशयित असतात. पहिला ओव्हरफ्लो. पेट्रोलचा वास येतो आणि वारंवार अॅक्सिलरेटर दाबल्याने स्थिती आणखी बिघडते. अशा वेळी पॅडल एकदाच पूर्ण दाबून तसेच धरावे आणि सेल्फ मारावा, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. दुसरा संशयित गॅस लॉक. वैशाखाच्या उन्हात, घाटानंतर किंवा वाहतुकीच्या कोंडीत पंपातील पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ हलवत राहतो. जुने टॅक्सीचालक पंपावर ओले फडके टाकत ते याचसाठी. तिसरा कॉइल किंवा कंडेन्सर. आतली वेटोळी किंवा थर तापल्यावर साथ सोडतात आणि अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा काम करू लागतात.

गॅस लॉक आणि तापून बसणारी कॉइल यांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. दोन्ही थोड्या विश्रांतीने बरे होतात. म्हणून तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच, ती निवण्याआधी व्हायला हवी. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा होतो आणि मिस्त्रीला निरोगी गाडी दाखवली जाते.

चालताना ठीक पण सिग्नलला पाय काढताच बंद, असे असेल तर कार्बोरेटरमधील आयडलिंगचा बारीक जेट कचऱ्याने बुजला असण्याचा संभव मोठा. दुसरे कारण म्हणजे नको तेथून ओढली जाणारी हवा. कार्बोरेटरखालच्या पॅकिंगभोवती किंवा रबरी नळ्यांवर साबणाचे पाणी थोडेथोडे सोडावे. एखाद्या ठिकाणी पाणी आत ओढले जाऊन इंजिनाचा सूर बदलला, तर गळती तेथेच आहे. या परीक्षेसाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची काही ठिकाणची सवय सर्वथा त्याज्य आहे. तिने आग लागते.

शेवटचा बदल कोणता झाला?

हे सारे एकत्र कसे येते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहावे. समजा, जयसिंगपूरच्या एका अडत व्यापाऱ्याच्या घरी वडिलांच्या काळची पद्मिनी आहे. घरच्या वृद्ध आईंना कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जायचे तर त्याच गाडीतून, असा त्यांचा आग्रह. गावात गाडी उत्तम चालते. लांबच्या प्रवासात मात्र २०-२५ किलोमीटरनंतर गचके देऊन थांबते, पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू लागते. बॅटरी नवी झाली, कॉइल नवी झाली, कार्बोरेटरची किट बदलली, पंपाचा पडदाही बदलला, दोष कायम. मुलगा म्हणू लागतो, गाडी काढून टाकू. आईंच्या दृष्टीने तो प्रश्न केवळ गाडीचा नसतो.

अशा वेळी एखादा जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी विचारतो, “अण्णा, हा त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचं काय बदललं होतं?”

“काही नाही. टाकीचं झाकण तेवढं नवीन बसवलं. जुन्याचं कुलूप बिघडलं होतं.”

“मग पुढच्या वेळी थांबली की थांबू नका. लगेच झाकण उघडा आणि कान द्या.”

पुढच्या वेळी झाकण उघडताच सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत शिरते आणि गाडी तत्क्षणी सुरू होते. टाकीतून पेट्रोल जाते तेवढीच हवा आत यावी लागते. तिच्यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. बाजारातून आणलेले झाकण बिनछिद्राचे असल्याने टाकीत पोकळी तयार होते आणि काही अंतरानंतर पंपाला पेट्रोल ओढवेनासे होते. पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत हवा हळूहळू झिरपते, म्हणून दोष उष्णतेचा असल्याचा भास होतो. झाकण न उघडता थांबून राहणाऱ्याला तो वर्षभर सापडणार नाही.

या उदाहरणातील चारही दुरुस्त्यांत अप्रामाणिकपणा होताच असे नाही. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाप्रमाणे संभाव्य दोष सांगितला. उणीव होती ती माहितीची, आणि ती माहिती फक्त मालकापाशी होती. ती त्याला कोणी विचारली नाही, त्यानेही सांगितली नाही.

जुनी गाडी, नवे पेट्रोल

अलीकडे जुन्या गाड्यांपुढे एक नवी अडचण आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. पद्मिनीच्या काळातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि पॅकिंग यांची घडण अशा मिश्रणासाठी झालेली नव्हती. इथेनॉल जुने रबर मऊ करते, टाकीच्या तळाशी बसलेला थर सोडवून जेटपर्यंत नेते आणि हवेतील ओल शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकते, आणि पंप प्रथम तेच ओढतो. म्हणून नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घ्याव्यात, पारदर्शक पेट्रोल फिल्टर बसवावा आणि दर आठवड्याला गाडी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी. अंगणात पाच मिनिटे नुसती चालू ठेवल्याने बॅटरीही भरत नाही आणि प्लगवर काजळी मात्र धरते.

कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलेल्या गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांतही प्रश्न तेच, साक्षीदार वेगळे. किल्ली चालू करताच टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घूंघूं ऐकू यावी. ती येत नसेल तर फ्यूज, रिले आणि पंप पाहावा. इंजिन तापल्यावर एकाएकी बंद पडून निवल्यावर चालू होत असेल, तर क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सर संशयास्पद ठरतो. पॉइंटच्या गाडीतील तापणाऱ्या कॉइलचाच तो नवा अवतार. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर बॅटरीची तार काढून तो विझवू नये. मशिन लावून आधी त्याचा कोड वाचावा, अन्यथा पुरावाच पुसला जातो. आणि अशा गाड्यांत प्लग मोकळा धरून ठिणगी पाहू नये; इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात.

निर्णयापूर्वीची शेवटची परीक्षा

करंट ठीक, पेट्रोल ठीक, वेळ ठीक आणि तरीही इंजिन सहज पकडत नसेल, तेव्हाच इंजिन उघडण्याची भाषा करावी. तीही सिलिंडरचा दाब मोजल्यावर. इंजिन तापवून सर्व प्लग काढावेत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकेका सिलिंडरला मीटर लावावा. चारही आकडे जवळपास सारखे असणे महत्त्वाचे. एखादा फार कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह बसत नाही, किंवा हेडचे पॅकिंग फुटले आहे. अर्ध्या तासाच्या या परीक्षेवर मोठ्या खर्चाचा किंवा गाडी काढून टाकण्याचा निर्णय ठरावा. १५ वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी. त्या वेळी हा आकडा हाती असणे हिताचे.

काही पथ्ये मात्र कधीच मोडू नयेत. बंद गॅरेजात इंजिन चालवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. पेट्रोलची नळी काढताना जवळ ज्योत, विडी, उघडी ठिणगी नसावी, आणि पेट्रोल व करंट यांची परीक्षा एकाच वेळी करू नये. ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असलेली गाडी चालता चालता बंद पडली की एक-दोनदा दाबल्यावर पॅडल कठीण होते. अशा वेळी घाबरून पाय सोडू नये, सर्व जोर देऊन दाबावे. दोष सापडेपर्यंत ती गाडी घाटात आणि रेल्वे फाटकावरून नेऊ नये.

उरली ती नोंदीची सवय. गाडीत एक लहान वही ठेवावी. थांबली की तारीख, ऊन-पाऊस, निघाल्यापासूनचे अंतर, इंजिन थंड की गरम, एकदम थांबली की गचके देत, टाकीत पेट्रोल किती, आणि कशाने पुन्हा सुरू झाली, एवढे लिहावे. त्याखाली कोणत्या दिवशी कोणता भाग बदलला तेही लिहावे आणि एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे कशाने गुण आला हे कळते. जुना भाग मागून घेऊन डिकीत ठेवावा. तो निर्दोष निघाला तर अडीअडचणीला उपयोगी पडतो. अशा चार-पाच नोंदी मिस्त्रीपुढे ठेवल्या, तर त्याचा वेळ वाचतो, मालकाचा पैसा वाचतो आणि दोघांमधला विश्वास टिकतो. ज्या घरांत पै-पैची नोंद ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना ही वही जड जाऊ नये.